गिअरबॉक्समधून घरघर, क्लच दाबला की गायब

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. गाडी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअर, पुढची चाकं चालवणारी. गेल्या दिवाळीत सेकंडहँड घेतली, पासिंग एमएच 08. मी कऱ्हाडला राहतो, सासर चिपळूणला, त्यामुळे कुंभार्ली घाट नेहमीचा.

इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला, क्लचवर पाय नाही, की खालून जातं फिरल्यासारखी घरघर येते. क्लच दाबला की बंद. सोडला की परत. रस्त्यावर सगळ्याच गिअरमध्ये येते, तिसऱ्यात घाट चढताना जास्त. गिअर मात्र लोण्यासारखे पडतात, कुठे अडकत नाही, तेलाची गळती नाही.

एका गॅरेजवाल्याने सांगितलं की गिअरबॉक्सच बदला. दुसरा म्हणाला, जाड तेल टाकून बघू, आवाज बसेल. दोघांनीही गाडी चालवून पाहिली नाही. आधी नेमकं काय वाजतंय ते समजून घ्यायचं आहे. कुणाला अनुभव आहे का?

दापोडी_वर्कशॉप
मी एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत गिअरबॉक्स विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. तुम्ही आवाज कधी येतो आणि कधी थांबतो हे दोन्ही लिहिलंत, त्यामुळे बोलता येतंय. बहुतेक लोक फक्त "आवाज येतो" म्हणतात आणि फिटर बिचारा अंदाजाने खोलायला घेतो.

न्यूट्रलला क्लच सोडलेला असतो तेव्हा इंजिन गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरवत असतं. त्याच्याशी कायम जुळलेले गिअरही फिरतात, पण रिकामे. चाकांकडे जाणारा भाग थांबलेला असतो. क्लच पूर्ण दाबला की इनपुट शाफ्ट थांबतो. म्हणजे तुमचा आवाज त्या शाफ्टच्या बेअरिंगचा असण्याची शक्यता मोठी. रिलीज बेअरिंग, ज्याला सगळे क्लच बेअरिंग म्हणतात, ते खराब असतं तर उलट झालं असतं, पेडल दाबल्यावर आवाज सुरू झाला असता.

पण एक बारकावा आहे. पेडलवर नुसता पाय टेकवा, एखाद्या बोटाइतकं दाबा. तेवढ्यानेच आवाज थांबला तर क्लचचा फोर्क किंवा ढिलं झालेलं रिलीज बेअरिंग खडखडतंय, गिअरबॉक्स खोलायची गरज नाही. पेडल पार खाली गेल्यावर, म्हणजे क्लच खरोखर सुटल्यावरच थांबला तर आत बघावं लागेल. हे आधी करा आणि इथे लिहा.

रानवारा
माझ्या गाडीचंही असंच होतं आणि निघालं पुढच्या चाकाचं बेअरिंग! दोन गॅरेजनी गिअरबॉक्स सांगितला होता. मोकळ्या रस्त्यावर साठच्या आसपास हलकेच डावीकडे-उजवीकडे वळवून बघा. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकावर येतो. तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग, उजवीकडे वळताना वाढला तर डावं. आणि टायरचा आवाज असेल तर रस्ता बदलला की बदलतो. मुंबई-गोवा हायवेवर काँक्रीटवरून डांबरावर आलात की लगेच कळेल.

दापोडी_वर्कशॉप
रानवारा, चाचणी उत्तम आहे, पण यांची गाडी उभी असतानाही आवाज येतो. उभ्या गाडीत चाकाचं बेअरिंग वाजत नाही. तरी करून बघायला हरकत नाही, कारण दोन दोष एकाच गाडीत असू शकतात.

ध्वनिलहर
मी चाकणला गाड्यांच्या आवाज-कंपन चाचण्यांचं काम करते. काकांनी उभ्या गाडीची चाचणी सांगितली, मी चालत्या गाडीची सांगते.

ठरावीक वेगाला, समजा ताशी 60 ला, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये आवाज ऐका. गाडीचा वेग तोच, फक्त इंजिनचे फेरे बदलतात. आवाजाची पट्टी फेऱ्यांबरोबर खाली-वर झाली तर दोष इंजिन, क्लच किंवा इनपुट शाफ्टच्या बाजूला. पट्टी तिन्ही गिअरमध्ये तीच राहिली तर दोष गाडीच्या वेगाशी बांधलेला, म्हणजे डिफरन्शिअल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग), ड्राइव्ह शाफ्ट (तिथून चाकांकडे जाणारे दांडे), चाकांची बेअरिंग किंवा टायर.

मग सपाट, रिकाम्या रस्त्यावर त्याच वेगाला न्यूट्रल करून, क्लच दाबलेलाच ठेवून आणि इंजिन चालू ठेवून गाडी घरंगळू द्या. इनपुट शाफ्टचा आवाज थांबेल, जो उरेल तो गाडीच्या वेगाशी बांधलेला. ही चाचणी घाटात अजिबात करू नका आणि इंजिन बंद करू नका, ब्रेक आणि स्टीअरिंग दोन्ही जड होतात. शेजारी कुणी बसलेलं असेल तर त्याला फोनवर रेकॉर्ड करायला सांगा, तुम्ही फक्त गाडी चालवा.

आवाजाचा पोत पण लिहा. गिअरच्या दातांची तक्रार साधारण स्वच्छ सुरासारखी ऐकू येते, घुंईं किंवा कुईं. त्या सुराची कंपनसंख्या म्हणजे शाफ्टचे सेकंदाला फेरे गुणिले दातांची संख्या. इंजिन 3000 वर असेल तर इनपुट शाफ्ट सेकंदाला 50 फेरे मारतो, त्यावरच्या गिअरला 28 दात असतील तर 1400 हर्ट्झ. एकच दात तुटला असेल तर एका फेऱ्याला एकदा टक असं वाजतं. बेअरिंगचा आवाज खरबरीत असतो. नऊ गोळ्यांच्या बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर खड्डा पडला तर एका फेऱ्यात सुमारे 3.6 ठोके बसतात, म्हणजे 3000 फेऱ्यांना सेकंदाला साधारण 180. पूर्णांक नसल्यामुळे तो गिअरच्या सुराशी जुळत नाही, आणि म्हणूनच कानाला घाणेरडा वाटतो. फोनवर वर्णपट दाखवणारी मोफत अ‍ॅप मिळतात, त्यात हे दिसू शकतं.

कोयनाकाठ
इतक्या लोकांनी वेळ काढून लिहिलं, मनापासून आभार. रविवारी मित्राला घेऊन सगळं करून पाहिलं.

पेडलवर नुसता पाय टेकवून काही होत नाही. पार खाली गेल्यावर थांबतो. थांबतानाही एकदम नाही, अर्धा-एक सेकंद विरत जातो.

साठला तिसऱ्यात आवाज उंच, चौथ्यात खाली, पाचव्यात आणखी खाली. म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चालतोय. पण न्यूट्रलला, क्लच दाबून घरंगळताना ती मोठी घरघर गेल्यावर मागे एक बारीक हुंकार उरतो. तो वेग कमी होईल तसा कमी होतो. वळवून पाहिलं तर दोन्ही बाजूंना सारखाच, आणि काँक्रीट-डांबराने फरक पडत नाही. पोत खरबरीत आहे, सूर नाही.

ध्वनिलहर
खूप नीट केलंत. दोन आवाज आहेत. मोठा इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. बारीक हुंकार वेगाशी बांधलेला आहे, वळण्याने आणि रस्त्याने बदलत नाही, म्हणजे चाक आणि टायरवरचा संशय कमी झाला, डिफरन्शिअलच्या बेअरिंगवर वाढला. दोन वेगळ्या शाफ्टची बेअरिंग एकाच वेळी झिजणं मला खटकतंय. एखादं बेअरिंग एकटं जातं. सगळी मिळून जातात तेव्हा सामाईक कारण असतं, आणि ते बहुतेक वेळा तेलात असतं.

पुणे_ते_पनवेल
धागा वाचतोय, थोडं अवांतर विचारू का? माझी एएमटी आहे. सकाळी ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की इंजिन बंद असतानाच बॉनेटखालून गुणगुण येते, दोन-तीन सेकंदांनी थांबते. हाही दोष का?

दापोडी_वर्कशॉप
नाही. अशा एएमटीत आत साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, क्लच आणि गिअर टाकायचं काम हायड्रॉलिक यंत्रणा करते. दरवाजा उघडला की तिचा पंप दाब तयार करून ठेवतो. तीच गुणगुण. पंप वारंवार, गाडी नुसती उभी असताना सारखा चालू-बंद होऊ लागला तर मात्र दाखवा, दाब कुठेतरी गळत असतो.

तेलवाला
मी स्पेअर पार्टच्या दुकानात असतो. एवढं खोलात कशाला जाता? 80डब्ल्यू-90 ऐवजी त्याहून जाड 85डब्ल्यू-140 तेल टाका, जीएल-5 घ्या, जीएल-4 पेक्षा वरचा दर्जा आहे. निम्मा आवाज तिथेच जाईल. बरीच गिऱ्हाइकं समाधानी आहेत.

दापोडी_वर्कशॉप
इथे माझा ठाम विरोध आहे, आणि तो नोंदवणं माझं कर्तव्य समजतो.

जीएल-5 हा जीएल-4 चा वरचा वर्ग नाही, त्याचं काम वेगळं आहे. तो मागच्या ॲक्सलच्या हायपॉइड गिअरसाठी, जिथे दात एकमेकांवर जोराने घसरतात. त्यासाठी त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात. ती काही तेलांत पितळेला खातात, आणि सिंक्रोच्या, म्हणजे गिअर बदलताना फेरे जुळवून देणाऱ्या भागाच्या, रिंगा बऱ्याचदा पितळेच्याच असतात. शिवाय तेल जास्त बुळबुळीत झालं तर सिंक्रोला पकड मिळत नाही, गिअर टाकताना कर्रर्र होतं. दोन्ही कामांना चालतील अशी तेलंही मिळतात, पण ते डब्यावर लिहिलेलं असावं लागतं. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घालायचं.

जाड तेलाने आवाज दबतो हे खरं. बेअरिंगचा खड्डा तिथेच राहतो, वाढत जातो, त्याचा चुरा तेलात फिरून बाकीच्या बेअरिंगांत शिरतो. शेवटी शाफ्ट हलायला लागतो आणि मग चांगले गिअरही जातात. आज दोन बेअरिंगांत भागणारं काम उद्या पूर्ण गिअरबॉक्सवर जातं. थंडीच्या सकाळी गिअर पडायलाही त्रास होतो.

तेलवाला
काका, खड्डा भरत नाही हे मान्य. पण ज्याला गाडी दोन महिन्यांत विकायचीय तो कशाला उतरवेल? माणसं तसं मागतात, म्हणून देतो.

दापोडी_वर्कशॉप
म्हणूनच तर सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने सावध राहायला हवं. कोयनाकाठ, तेल काढून बघा. गाडी थोडी फिरवून आणा म्हणजे तेल पातळ होईल, सपाट जागी आधाराच्या स्टँडवर नीट ठेवा, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. आधी भरायचा बोल्ट सैल करा, मगच खालचा. खालचा काढून तेल सांडल्यावर वरचा निघालाच नाही तर गाडी जागेवर अडकते. खालच्या बोल्टला बहुधा चुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा मऊ चिखल असेल तर ती साधी झीज आहे. बोटाला टोचणारे कण, पापुद्रे असतील तर वाईट. पिवळी चकाकी दिसली तर सिंक्रो झिजतोय. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय.

कोयनाकाठ
तेल काढलं. ते अगदी स्वच्छ, सोनेरी आणि बरंच जाड आहे. दुधाळ अजिबात नाही. चुंबकावर करडा चिखल आहे आणि त्यात टोचणारे बारीक कण. पिवळं काही नाही. मात्र भरायच्या भोकातून टॉर्च मारून पाहिलं तर आतल्या बाजूला वरच्या भागात तांबूस डाग दिसतात. गिअरबॉक्सचं आवरण ॲल्युमिनियमचं, मग गंज कुठून?

दापोडी_वर्कशॉप
गंज आवरणाचा नाही, आतल्या लोखंडी भागांवरून तो पाण्याबरोबर वाहत येऊन चिकटलाय. आणि दहा वर्षांच्या गाडीत सोनेरी तेल हीच एक साक्ष आहे. कुणीतरी अलीकडे, मुद्दाम जाड तेल घातलंय. पासिंग एमएच 08 म्हणालात. गाडी रत्नागिरी जिल्ह्यात नेमकी कुठे होती?

वाशिष्ठीचा_पूर
काकांना जे सुचवायचंय ते मी लिहितो, कारण मी चिपळूणचा आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या बाजारपेठेतल्या शेकडो गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या. पाणी ओसरल्यावर कुणी इंजिन वाचवलं, कुणी वायरिंग केलं, गिअरबॉक्सकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं, कारण तो सुरुवातीला नीट चालतो. नंतर त्यातल्या काही गाड्या घाटावर विकल्या गेल्या.

तपासायला या जागा बघा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आत राहणारा पट्टा कधी धुतला जात नाही, त्यावर चिखलाची रेघ दिसते. स्टेपनीखालचा खळगा, पुढच्या सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डखालचे कंस, हेडलाइटच्या आतला धुरकटपणा. आमच्याकडचा गाळ लालसर-तपकिरी आणि फार बारीक असतो, बोटांत चोळला की कळतो.

ध्वनिलहर
गिअरबॉक्समध्ये पाणी शिरायला गाडी बुडाली पाहिजे असंही नाही. गिअरबॉक्सला हवा आत-बाहेर करणारं एक छोटं ब्रीदर असतं. चालून गरम झालेला बॉक्स एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं. गाडी उभी असेल तर बेअरिंगच्या गोळ्या जिथे कड्याला टेकलेल्या असतात तिथेच गंज धरतो. म्हणून खुणा गोळ्यांच्या अंतराअंतराने उमटतात. तेल बदलून पाणी जातं, पण त्या खुणा राहतात आणि पुढे हजारो किलोमीटर खोल होत जातात. दोन शाफ्टवर एकदम दोष का, याचं उत्तर हे असू शकतं.

कोयनाकाठ
बेल्टवर रेघ आहे. मागच्या सीटच्या बेल्टवर, अगदी स्पष्ट. स्टेपनीच्या खळग्यात चटईखाली लाल गाळाचा थर निघाला. गाडी देणाऱ्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. वाईट वाटलं, पण आता निदान काय झालं ते कळतंय. बॉक्स खोलून दुरुस्त करू की कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून जुना आणू?

रानवारा
जुना आणाल तर त्याचा इतिहास कोण सांगणार? तोही पुरातला निघाला तर?

दापोडी_वर्कशॉप
रानवाराचं बरोबर आहे. गिअर नीट पडतात, पिवळी चकाकी नाही, म्हणजे सिंक्रो आणि दात शाबूत असावेत. खोला. पण हे काम रोज करणाऱ्या माणसाकडे जा, त्याच्याकडे प्रेस, पुलर आणि मोजायला डायल गेज असलं पाहिजे. हातोडीने बेअरिंग बसवणाऱ्याकडे देऊ नका, ठोके गोळ्यांमधून गेले की नवं बेअरिंग पहिल्या दिवशीच खराब होतं.

बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो पूर्ण उतरवून घ्या. 6305 म्हणजे 25 मिमी शाफ्टचं गोळ्यांचं बेअरिंग, पण पुढची अक्षरंही तितकीच महत्त्वाची. सी3 असेल तर आत थोडी जास्त मोकळीक असते, गरम होणाऱ्या जागेसाठी. एनआर असेल तर बाहेरच्या कड्यावर खाच आणि रिंग असते. नुसता आकडा सांगून आणलंत तर चुकीचं येईल. बाजारात नकली बेअरिंग फार आहेत, कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच, बिलावर घ्या.

डिफरन्शिअलला टेपर (निमुळत्या रोलरची) बेअरिंग असतील तर नवी घातल्यावर शिमची, म्हणजे घट्टपणा जुळवणाऱ्या पातळ चकतीची, जाडी पुन्हा मोजावी लागते. जुनीच शिम परत टाकली तर घट्ट होऊन तापतील किंवा सैल राहून परत वाजतील. इथेच घाई होते. ड्राइव्ह शाफ्टची सील नवी घाला. आणि बॉक्स खाली आलाच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनच्या मागचं तेलाचं सील बघून घ्या. उतरवायची मजुरी तीच.

निळावंती_सातारा
काका, माझी वेगळी अडचण आहे. रिव्हर्स टाकताना कर्र होतं, आणि मागे घेताना कुईं आवाज येतो. बाकी सगळं ठीक. माझीही गाडी पुरातली असेल का, भीती वाटायला लागली.

दापोडी_वर्कशॉप
ताई, घाबरू नका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सचे दात सरळ कापलेले असतात. पुढच्या गिअरचे तिरके असतात, एक दात हळूहळू दुसऱ्यावर येतो, म्हणून ते शांत. रिव्हर्सची कुईं ही त्या सरळ दातांची, तिच्यात काही बिघडलेलं नाही.

कर्र होण्याचं कारण म्हणजे अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. गाडी पूर्ण थांबवा, क्लच पार दाबा, आधी पहिला किंवा दुसरा गिअर टाका आणि क्लच न सोडता मग रिव्हर्स. पुढच्या गिअरचा सिंक्रो इनपुट शाफ्टला थांबवून देतो. तरीही कर्र झालं तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, त्याची केबल किंवा हायड्रॉलिक बघायला सांगा. आमच्या काळातल्या बसना पुढच्या गिअरलाही सिंक्रो नव्हता, ड्रायव्हर दोनदा क्लच दाबून, मध्ये फेरे जुळवून गिअर टाकायचे. चांगला ड्रायव्हर असला की आत बसलेल्याला गिअर बदललेला कळायचा नाही.

कोयनाकाठ
सातारच्या एका मिस्त्रींकडे काम झालं. खोलताना मी तिथेच उभा होतो.

इनपुट शाफ्टच्या मागच्या बेअरिंगच्या आतल्या कड्यावर समान अंतरावर काळपट खड्डे होते. ध्वनिलहर यांनी लिहिलं होतं हुबेहूब तसे, मिस्त्रींना मी हे वर्णन आधीच वाचून दाखवलं होतं, त्यांनी लगेच बोट ठेवलं. डिफरन्शिअलच्या दोन्ही टेपर बेअरिंगांवर तशाच पण उथळ खुणा. गिअरचे दात चांगले. सिंक्रोच्या रिंगांची कोनापासूनची फट फीलर गेजने मोजली, मर्यादेत होती. ब्रीदर मात्र मातीने पूर्ण बुजलेलं होतं, ते साफ केलं. ही सगळी बेअरिंग, सील, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवीन, शिम मोजून बदलली, तेल पुस्तकात सांगितलेलं. बेअरिंगांपेक्षा मजुरीचा खर्च जास्त झाला, तरीही पूर्ण बॉक्सच्या मागितलेल्या रकमेपेक्षा बराच कमी.

घरघर गेली. घरंगळतानाचा हुंकारही गेला. पाचव्या गिअरमध्ये ऐंशीच्या पुढे एक बारीक सूर आहे. तो आधी असेलही, मोठ्या आवाजात कळला नसेल. खोलावं का परत?

ध्वनिलहर
स्वच्छ सूर आहे, खरबरीत नाही, एकाच गिअरमध्ये आहे आणि बेअरिंग नवी आहेत. दातांच्या जोडीचा असावा. आत्ता खोलू नका. आजच एक रेकॉर्डिंग करून ठेवा, गिअर, वेग आणि इंजिनचे फेरे लिहून. पुढच्या सर्व्हिसला त्याच रस्त्यावर तसंच परत करा. वाढला तर बघू.

दापोडी_वर्कशॉप
सहमत. आणि हे तेल लवकर, पहिल्या हजार किलोमीटरनंतर काढून टाका. आत राहिलेला बारीक चुरा निघून जाईल. बोल्टचा चुंबक पुसून परत लावा.

वाशिष्ठीचा_पूर
कोयनाकाठ, फार बरं वाटलं. काका, एक विचारून ठेवतो, पावसाळा तोंडावर आहे. गाडी पाण्यात गेलीच तर गिअरबॉक्ससाठी पहिलं काय करायचं?

दापोडी_वर्कशॉप
चालू करायची नाही, ढकलून गिअरमध्ये टाकून सुरू करायचा प्रयत्न तर मुळीच नाही. पुढची चाकं चालवणारी गाडी असेल तर पुढची चाकं उचलूनच ओढून न्या, नाहीतर आत पाणी घुसळलं जातं. पाणी ओसरल्यावर शक्य तितक्या लवकर गिअरबॉक्सचं तेल काढा. आधी पाणी येईल, मग तेल. स्वस्त, योग्य दर्जाचं तेल भरून चाकं हाताने फिरवा, काढा, आणि काढलेलं तेल दुधाळ दिसेनासं होईपर्यंत हेच करा. मग पुस्तकातलं तेल. ब्रीदर मोकळं करा. इंजिनवाला म्हणेल की आधी इंजिन, इलेक्ट्रिशियन म्हणेल आधी वायरिंग. तुम्ही त्याच दिवशी गिअरबॉक्सचं तेल काढायला लावा, कारण बेअरिंगवर गंज धरायला फार दिवस लागत नाहीत.